आधी नमुना, मग औषध

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर पाळी सुटली की उड्डाणपुलाखालची गर्दी बघता बघता वाढते. रिक्षावाले, हातगाड्या, पद्मानगरकडे वळणाऱ्या बाया, कामतघरच्या बाजूने येणारे यंत्रमाग कारागीर, अंगावर कापसाचा भुगा तसाच. त्यातले काही जण भिशीत, म्हणजे कारागिरांच्या खानावळीत, जेवायला जाण्याआधी दवाखान्याची पायरी चढतात. कुणाला तीन दिवसांचा ताप, कुणाला लघवीची जळजळ, कुणाला महिनाभर न हटलेला खोकला. “डॉक्टरसाब, सुई लगा दो, सुबह काम पे जाना है,” एवढंच मागणं. पाच मिनिटांत एक इंजेक्शन, कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या, आणि माणूस बाहेर. त्या पुडीत अनेकदा एक अँटिबायोटिक असतं. ते कोणत्या जंतूवर चालणार आहे, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणारा विचारत नाही.

हा प्रश्न विचारायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रोग्याचा नमुना घेतला गेला पाहिजे, मग तो रक्ताचा असो, लघवीचा, बेडक्याचा की जखमेतल्या पुवाचा. वैद्यकाची पुस्तकं हे शिस्त म्हणून सांगतात. मी ते नीतीचं म्हणून सांगतो आहे, कारण या बाबतीतली चूक चुकणाऱ्यापाशी थांबत नाही.

रक्तदाबाची गोळी चुकली तर त्रास ती घेणाऱ्याला होतो. अँटिबायोटिक चुकलं, अर्धवट घेतलं किंवा उगाच घेतलं, तर अंगातले कमकुवत जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरून वाढतात. पुढे ते हातातून, पाण्यातून, श्वासातून दुसऱ्याकडे जातात. भिवंडीत एका खोलीत आठ-दहा कारागीर राहतात. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होतो. ही माणसं किती दाटीवाटीने राहतात, ते २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली इमारत कोसळली तेव्हा साऱ्या राज्याने पाहिलं. तीसहून अधिक जीव गेले. तशा खोलीत एकाचा औषधाला दाद न देणारा जंतू एकाचाच राहत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली.

ज्या गावाचं पोट मागावर चालतं, त्याला हे समजायला अवघड नाही. ताण्याचा धागा तुटला तर कारागीर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो आणि तिथेच गाठ मारतो. अंदाजाने भलतीकडे गाठ मारली तर सगळा कपडा बिघडतो, हे पोरसवदा कामगारालाही कळतं. कापडाला आपण एवढं जपतो. माणसाच्या शरीराला त्याहून कमी जपणं कोणत्या न्यायात बसतं?

तपासणी म्हणजे नेमकं काय होतं, ते आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून ती परकी वाटते. कांडी भरणाऱ्या एखाद्या बाईचं उदाहरण घेऊ. लघवीला जळजळ, कमरेत दुखतंय, थंडी वाजून ताप. कारखान्यात बायकांसाठी धड संडास नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. तिला रुंद तोंडाची निर्जंतुक बाटली द्यायची आणि नीट समजावून सांगायचं, “ताई, आधी जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली धरा.” एवढं सांगायला एक मिनिट लागतं. ते सांगितलं नाही तर बाहेरचे जंतू बाटलीत येतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, नाहीतर थंड जागी ठेवली पाहिजे, कारण उघड्या उन्हात जंतू तासागणिक वाढतात आणि खोटा आकडा दाखवतात.

प्रयोगशाळेत त्या नमुन्याचा थेंब काचपट्टीवर पसरतात आणि रंगवतात. ही रंगवण्याची रीत डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅमने १८८४ साली सांगितली. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी लालसर रंग. काही जंतू जांभळे राहतात, काही गुलाबी होतात. दहा मिनिटांच्या या कामात जंतूंच्या दोन मोठ्या घराण्यांपैकी आपला शत्रू कोणत्या घराण्यातला, ते कळतं. मग तारेच्या बारीक कडीने मोजका नमुना घेऊन तो बशीतल्या थिजलेल्या खाद्यावर रेघारेघांनी पसरतात आणि बशी रात्रभर ३७ अंश उबेत ठेवतात. ते खाद्य थिजतं अगारमुळे, म्हणजे आपल्या घरात ज्याला चायना ग्रास म्हणतात त्याच पदार्थामुळे. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत आणि उबेत ते पातळ होई. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेची पत्नी फॅनी हेसे मुरंब्यात अगार घालत असे. तिने ते सुचवलं आणि जंतुशास्त्राला आपली जमीन मिळाली. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ज्ञानावर जगभरच्या प्रयोगशाळा आजही उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत मसुराएवढे गुलाबी ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूची लाखो लेकरं. ते मोजून हिशोब करतात. एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू असतील तर संसर्ग खरा मानायचा, हा मापदंड एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात घालून दिला. मग तोच जंतू नव्या बशीभर पसरवून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवतात. पुन्हा एक रात्र. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं, ते औषध चालतं. ज्या चकतीला खेटून जंतू वाढलेले असतात, ते औषध त्या बाईच्या अंगात फुकट गेलं असतं. तंत्रज्ञ पट्टी घेऊन ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतो आणि प्रत्येक औषधासमोर चालेल की चालणार नाही, ते लिहितो. दोन-तीन दिवसांत हातात येणारा तो कागद म्हणजे त्या बाईच्या शरीराने दिलेली साक्ष आहे. ती न ऐकता निकाल देणं अन्यायाचं आहे.

यावर डॉक्टर म्हणतील, दोन-तीन दिवस रोगी तापात तळमळत ठेवायचा का? मुळीच नाही. मेंदूज्वर, रक्तात पसरलेला संसर्ग, पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस यांत औषधाला तासाभराचाही उशीर करता कामा नये. म्हणून तर ‘आधी नमुना’ म्हणायचं, ‘आधी रिपोर्ट’ म्हणायचं नाही. रक्ताच्या दोन बाटल्या भरायला पाच मिनिटं लागतात. त्या भरा आणि लगेच औषध सुरू करा. रिपोर्ट आला की औषध बदला, कमी करा, गरज नसेल तर थांबवा. नमुना औषधानंतर घेतला तर जंतू अर्धमेले झालेले असतात, बशीत उगवत नाहीत, आणि रिपोर्ट “काही नाही” म्हणतो. मग आजार आहे की नाही, तेच कुणाला सांगता येत नाही.

आता आपल्याकडच्या सर्वांत लाडक्या तपासणीकडे वळू. पावसाळ्यात कोणत्याही वस्तीत जा, “विडाल केली, टायफॉइड निघाला” हे वाक्य ऐकू येतं. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली ही तपासणी दाखवली. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती तयार व्हायला आठवडा लागतो, म्हणून पहिल्या चार दिवसांत खरा टायफॉइडही सुटून जातो. उलट पूर्वी कधी टायफॉइड झालेला असेल, लस घेतलेली असेल, किंवा आजार मलेरियासारखा वेगळाच असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिला थोडाफार अर्थ येतो तो आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण चौपट वाढलेलं दिसलं तर. दुसरा नमुना आपल्याकडे घेतो कोण? एकाच कागदावर टायफॉइड ठरतो, आणि मलेरिया किंवा डेंग्यू झालेला माणूस आठवडाभर अँटिबायोटिकच्या बाटल्या चढवून घेतो. टायफॉइडच्या निदानाची खरी वाट पहिल्या आठवड्यात, औषधाआधी केलेल्या रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची आहे. तेही प्रत्येक वेळी जंतू पकडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पकडतं तेव्हा जंतूचं नाव सांगतं आणि त्यावरचं औषधही.

म्हणजे नुसतं ‘तपासणी करा’ म्हणून भागत नाही, योग्य तपासणी मागावी लागते. सरकारने हे एकदा कायद्याने मान्य केलं आहे. क्षयाचं निदान रक्तातल्या प्रतिद्रव्यांवरून सांगणाऱ्या तपासण्यांवर जून २०१२मध्ये देशात बंदी आली, कारण त्या निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवत होत्या. चुकीची तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा घातक असते, कारण तिच्यावर शिक्का असतो आणि लोक शिक्क्यावर विश्वास ठेवतात.

क्षय हा भिवंडीचा खरा कसोटीचा रोग. मागाच्या खात्यात तंतू उडत असतात, त्यामुळे खोकला हा इथे आजार मानलाच जात नाही. “रुई का है, चला जाएगा.” दोन आठवडे होतात, दोन महिने होतात. मग कुणी लेव्होफ्लॉक्सॅसिनचा कोर्स देतं. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं, म्हणून खोकला कमी होतो, माणूस कामावर जातो, आणि खरं निदान आणखी दोन महिने लांबतं. त्या दोन महिन्यांत त्याच खोलीतले किती जण तोच श्वास घेतात, याचा विचार करा. शिवाय औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर जी मोजकी हत्यारं उरली आहेत, त्यांतलंच हे एक. ते आपण साध्या खोकल्यावर बोथट करतो आहोत.

शेजारच्या कल्याणशी नातं असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७मध्ये क्षयाने गेल्या. कॉखने क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी. म्हणजे आनंदीबाईंना जे मारत होतं, ते तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागलं होतं, पण त्यावर औषध नव्हतं. ते यायला १९४०चं दशक उजाडलं. आज औषध आहे, आणि आपण जंतू न पाहताच ते वाटतो आहोत. त्या काळच्या लोकांना अज्ञानाची सबब होती, आपल्याला ती नाही.

आज पाहायची साधनंही किती पुढे गेली आहेत! काचपट्टीवर जंतू दिसायचा तर एका मिलिलिटर बेडक्यात निदान पाच ते दहा हजार असावे लागतात. सीबीनॅट यंत्राला सव्वाशे-दीडशे पुरतात. ते दोन तासांत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगतं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. सरकारी क्षय कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे, औषध मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये रोग्याच्या खात्यात जमा करण्याची योजना आहे. फक्त नमुना नीट हवा. थुंकी चालत नाही, सकाळी खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा. एवढं एक वाक्य भिशीच्या भिंतीवर हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत लिहिलं, तर किती नमुने वाया जायचे वाचतील.

अंदाजाने औषध देण्याची किंमत मुंबईने मोजली आहे. धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना क्षयाचं औषध लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ६३ वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलं आणि बरोबर लिहिणारे फक्त ६ निघाले. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षअखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या याच डॉक्टरांनी, चाचणी घेतलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी जगासमोर मांडले. त्या औषधांच्या चाचण्या प्रयोगशाळेने केल्या, म्हणून ते कळलं. नाहीतर ते “औषध लागू पडलं नाही” एवढ्यावर गेले असते.

लोक तपासणीला का भितात, तेही मान्य केलं पाहिजे. तपासण्या म्हणजे लूट, डॉक्टर आणि लॅबचं साटंलोटं, हा संशय हवेतून आलेला नाही. महाराष्ट्र सरकारला २०१७ साली कट प्रॅक्टिस, म्हणजे रोगी पाठवण्याचं कमिशन, रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करावा लागला, यातच सगळं आलं. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पण लुटीवर उपाय म्हणून तपासणीच सोडून देणं म्हणजे भेसळीला घाबरून अन्न सोडणं. कागदावर सही कुणाची आहे, ते वाचायला शिकलं पाहिजे, आणि जिथे सही नाही तो कागद परत केला पाहिजे.

विश्वासाचा हा धडा महाराष्ट्राने फार महाग शिकला आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लसशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि जानेवारी १८९७मध्ये स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच काळात पुण्यात सरकारने सोल्जर घरात घुसवले आणि लोक रोग लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. शास्त्र एकच होतं. जिथे ते माणुसकीच्या हातात होतं तिथे लोक पुढे आले, जिथे ते सोट्याच्या हातात गेलं तिथे लोक पळाले. म्हणून कारागिराला दटावून, “तुम लोग समझते नहीं” म्हणून काही होणार नाही. त्याचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, आणि तो मीटरवर मजुरी घेतो. तपासणीला येण्याची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली तर तो येणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ती किंमत वाटून घ्यावी लागेल. मागमालकांनी ठरवावं की दोन आठवडे खोकणाऱ्याला तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी, आणि क्षय निघाला तर उपचार संपेपर्यंत त्याचा माग दुसऱ्याला कायमचा द्यायचा नाही. महापालिकेने नाक्यावर, पाळी सुटण्याच्या वेळी, नमुने घेणारं केंद्र चालवावं. तिथून नमुने थंड पेटीत प्रयोगशाळेत जावेत आणि निकाल मोबाइलवर यावा. माणूस प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकत नसेल तर त्याचा नमुना तरी गेला पाहिजे. औषध दुकानदारांसाठी मार्च २०१४पासून अनुसूची एच-१ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. तो पाळण्यासाठी इन्स्पेक्टर येण्याची वाट पाहू नये. नाक्याजवळच्या बी.एन.एन. महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी भिशीभिशीत जाऊन बेडका कसा द्यायचा, लघवीचा नमुना कसा धरायचा, ते आपापल्या भाषेत सांगावं. पुस्तकातलं शास्त्र लोकांच्या कामी येतं ते असं.

आणि डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे की पुडी बंद करा. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहा, कशासाठी देता तेही लिहा. पैशांअभावी कल्चर शक्य नसेल तर तसं सांगा आणि सरकारी रुग्णालयाची वाट दाखवा. रोग्याला अंधारात ठेवून दिलेला तात्पुरता आराम हा उपकार नाही.

रोग्यानेही तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरसाहेब, हा जंतूंचा आजार आहे की विषाणूचा? हे औषध देण्याआधी नमुना घ्यायचा का? रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार का? हे प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, हिंमत लागते. आणि जो डॉक्टर या प्रश्नांवर रागावेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. गरिबाला तपासणी परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे. तीन वेळा बदललेली औषधं, बुडलेली मजुरी, खोलीतल्या दुसऱ्या दोघांना लागलेला क्षय, हे सगळं तो आज कुणाच्या खिशातून भरतो आहे? तो पैसा आधीच खर्च होतो आहे. तो योग्य वेळी, योग्य जागी खर्च व्हावा एवढीच मागणी आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत भिवंडीच्या प्रत्येक सभेत, प्रत्येक निवडणुकीत आपण ती मांडत राहिलं पाहिजे.